रेफरलच्या एका कागदासाठी सत्तरीतून किती खेपा घालायच्या?

अंजुणेकाठ (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते. काल बाबांना घेऊन रात्री घरी परतले तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून १९८५ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. आज वय ७९. मधुमेह, रक्तदाब, डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. आम्ही राहतो केरीला, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. आमचं पॉलिक्लिनिक किनारपट्टीच्या बाजूला. घरून निघून परत घरी येईपर्यंत शंभरेक किलोमीटर होतात.

ज्यांच्या घरात कोणी फौजेत नव्हतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ईसीएचएस ही माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ ला सुरू झालेली. आयुष्यात एकदाच वर्गणी भरायची. पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर तपासतात, औषधं देतात, आणि मोठं काही असेल तर रेफरल लिहून देतात. तो रेफरल दाखवला की पॅनेलवरच्या खाजगी इस्पितळात कॅशलेस उपचार. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ आहे, त्यामुळे बाबांना तीही भरावी लागली नाही. योजना चांगली आहे, हे मी आधीच लिहून ठेवते. तीन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आम्ही एक रुपया भरला नाही.

आता डोळ्यांचं ऐका. मे महिन्यात पहिला रेफरल घेतला. इस्पितळाने तपासून तारीख दिली. तारखेच्या दिवशी साखर वाढलेली निघाली, ऑपरेशन पुढे ढकललं. साखर ताब्यात येईपर्यंत रेफरलची मुदत संपली. नवीन कागदासाठी परत पॉलिक्लिनिक. त्या दिवशी डॉक्टर रजेवर. काउंटरवरची बाई कळवळून म्हणाली, "बाय, आज डॉक्टर ना, फाल्यां यो." तिला मी दोष देत नाही. पण केरीहून साडेसहाची बस धरून, साखळीला बदलून, भर पावसात आलेल्या ७९ वर्षांच्या माणसाला "उद्या या" म्हणजे काय, हे त्या खिडकीला कसं कळावं? तिसऱ्या खेपेला कागद मिळाला. काल चौथी खेप, रक्तदाबाच्या दोन गोळ्या मागच्या वेळी शिल्लक नव्हत्या म्हणून.

बाबा तक्रार करत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स, डिस्चार्ज बुक नीट घालतात आणि बाकावर ताठ बसून राहतात. मलाच ते बघवत नाही.

गोव्यात इतरांचा अनुभव काय आहे? आणि यात सुधारणा व्हायची तर नेमकं काय मागायचं? नुसतं "सरकारने लक्ष द्यावं" असं लिहून मला थांबायचं नाही.

नांगर | रविवार, रात्री १०:१५

ताई, वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मी नौदलातून निवृत्त झालो, वास्कोत राहतो. खरं सांगतो, माझा अनुभव तुमच्या अगदी उलट आहे. घराजवळ नौदलाचं आयएनएचएस जीवंती इस्पितळ, वीस मिनिटांत पॉलिक्लिनिक. गेल्या वर्षी पत्नीची अँजिओप्लास्टी झाली. सकाळी रेफरल, दुपारी दाखल, चौथ्या दिवशी घरी. मी फक्त सह्या केल्या.

तुमचा धागा वाचून पहिल्यांदा जाणवलं की तुमच्या वडिलांच्या आणि माझ्या खिशात कार्ड एकच आहे, पण माझं चालतं ते मी नौदलाच्या तळाजवळ राहतो म्हणून. गोव्यात फौज किनाऱ्याला आहे, म्हणून सोयीही किनाऱ्याला. जवान मात्र सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोणहूनही गेले होते.

पेडणेकर७० | रविवार, रात्री १०:३२

वाचतोय. आमच्याकडेही हेच.

गोळीपुडी | रविवार, रात्री ११:०५

मी काही वर्षं एका पॉलिक्लिनिकमध्ये फार्मसिस्ट होते (गोव्यातलं नव्हे). आतली बाजू सांगते, कारण बाहेरून वाटतं की तिथली माणसं आळशी आहेत.

एक म्हणजे तिथले डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट, क्लार्क जवळजवळ सगळे कंत्राटी असतात. दर वर्षी कंत्राट नवं. चांगला डॉक्टर मिळाला तरी बाहेर जास्त पगार दिसला की जातो. त्याची जागा भरेपर्यंत उरलेला एक डॉक्टर दोघांचं काम करतो, आणि तो आजारी पडला की अंजुणेकाठ ताईंच्या बाबांना परत जावं लागतं.

दुसरं, आणि माझ्या मते मूळ दुखणं हेच: पॉलिक्लिनिकची प्रतवारी ए, बी, सी, डी अशी असते आणि ती ठरते त्या भागातल्या माजी सैनिकांच्या संख्येवर. किती डॉक्टर, किती इतर माणसं, सगळं त्या संख्येवरून. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात माजी सैनिकच इतके की आकडा आपोआप भरतो. गोवा छोटा, इथली डोकी कमी, म्हणून मंजूर माणसं कमी. नियम डोकी मोजतो. ते डोकं किती लांबून आणि कुठल्या वयात येतंय, हे मोजणारा रकानाच त्या तक्त्यात नाही.

तिसरं औषधांचं. मुख्य पुरवठा लष्कराच्या वैद्यकीय भांडार डेपोतून येतो. मागणी पाठवली की सगळं त्याच प्रमाणात येईलच असं नाही. जे येत नाही त्याला आम्ही "एनए" म्हणायचो. मग ठरवून दिलेल्या स्थानिक केमिस्टकडून मागवा, नाहीतर पेशंटने बाहेरून घ्यावं आणि बिल लावावं. १८० रुपयांच्या गोळ्यांचं बिल लावायला पुन्हा एक खेप कोण घालणार? म्हातारे लोक सरळ स्वतःच्या पैशाने घेतात, आणि हिशेबात दिसतं की तक्रार नाही. कॅगनेही २०१५ च्या अहवालात या योजनेतल्या औषधांच्या तुटवड्यावर बोट ठेवलं होतं. म्हणजे हे कोणाला ठाऊक नाही असं नाही.

ताई, एनए औषधांची नोंद पावतीवर करून घ्या. तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका.

साखळीचा मास्तर | सोमवार, सकाळी ७:२०

एक वेगळा मुद्दा मांडतो, कोणी राग मानू नये. सत्तरीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हीच पायपीट आहे. कुळागरात राबलेल्या माझ्या आईलाही तपासण्यांसाठी बांबोळीला न्यावं लागतं. तिथल्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) गोंयकारांना उपचार मिळतातच, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्डही आहे, चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत. मग माजी सैनिकांसाठी वेगळी व्यवस्था अजून वाढवण्यापेक्षा सगळ्यांसाठीची सरकारी आरोग्य केंद्रंच बळकट का करू नयेत?

नांगर | सोमवार, सकाळी ८:०२

मास्तर, राग नाही. पण ही मेहेरबानी नव्हे. २००३ नंतर निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाची वर्गणी सक्तीने कापली जाते. आजच्या दराने जवान ते हवालदार ३०,००० रुपये, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,०००, अधिकारी १,२०,०००. शिवाय सदस्य झालं की पेन्शनबरोबर मिळणारा दरमहा १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता सोडावा लागतो. पैसे घेतले, भत्ता काढून घेतला, तर सेवा दारापर्यंत यायला नको का?

आणि दुसरं. आम्ही पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतो. सियाचीनला गेलेला, तोफखान्यात कान गमावलेला, पाणबुडीत पाठ धरलेला माणूस त्या वयात धडधाकट दिसतो. हिशेब साठीनंतर सुरू होतो.

अंजुणेकाठ | सोमवार, सकाळी ९:१०

मास्तर, तुमच्या आईचं आणि माझ्या बाबांचं दुखणं वेगळं नाही, हे मला पटतं. मी वेगळं इस्पितळ मागतच नाही. उलट तुमच्या लिहिण्यातून मला वाट दिसतेय. वाळपईचं सामाजिक आरोग्य केंद्र आमच्यापासून जवळ आहे. इमारत आहे, रक्त तपासायची सोय आहे, नर्सताई बाबांना नावाने ओळखतात. नाही ते एवढंच, की तिथल्या सरकारी डॉक्टरने लिहिलेला कागद ईसीएचएसला रेफरल म्हणून चालत नाही. तो पॉलिक्लिनिकच्याच शिक्क्याचा लागतो. एक खातं केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाचं, दुसरं राज्याच्या आरोग्य खात्याचं. त्या दोघांच्या मधल्या फटीत बाबा बस बदलत बसलेत.

पैंगीणचा धाकटा | सोमवार, दुपारी १:३०

मी काणकोणहून. माझे वडील २०१९ ला वारले. आई कुटुंब निवृत्तिवेतनावर आहे, म्हणजे ती ईसीएचएसची हक्काची लाभार्थी. तरी आजतागायत तिचं कार्ड झालेलं नाही. कारण सांगतो, इथे बऱ्याच घरांतली गोष्ट असेल.

लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलायची रीत. आईचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. वडिलांनी पलटणीत लग्नाची नोंद केली तेव्हा, म्हणजे त्यांच्या भाषेत पार्ट टू ऑर्डर निघाली तेव्हा, सासरचं नाव लागलं. आईचा जन्मदाखला माहेरच्या नावाचा. आधार काढताना शिबिरात कोणीतरी तिसरंच स्पेलिंग टाकलं. आता पीपीओवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. ऑनलाइन अर्ज केला की परत येतो. गोव्यात नाव बदलायचं तर १९९० चा वेगळा कायदा आहे, रजिस्ट्रारकडे जावं लागतं. आई म्हणते, "पन्नास वर्षं याच नावाने संसार केला, आता नाव बदलू कशाला?"

तिला दम्याचा त्रास आहे. औषधं महिन्याला अडीच हजारांच्या घरात जातात. ती सगळी आम्ही विकत आणतो.

वाईट याचं वाटतं की वडील असताना हे सगळं ते बघायचे. आईला कागद कुठे ठेवलेत तेही माहीत नव्हतं. जवान गेला की मागे राहिलेली बाई या व्यवस्थेपुढे अगदी एकटी पडते.

गोळीपुडी | सोमवार, दुपारी २:०५

धाकट्या भाऊ, तुमच्या आईच्या बाबतीत क्रम लक्षात घ्या. आधी पीपीओवरचं नाव कुठलं ते बघा, कारण सैन्याच्या दप्तरात तेच धरतात. ते सासरचं नाव असेल तर आधार त्याच्याशी जुळवा, उलटं करू नका. "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसला राज्य सैनिक बोर्डामार्फत पत्र पाठवा. स्वतःहून पाठवलेलं पत्र महिनोन् महिने पडून राहतं, बोर्डाच्या जावक क्रमांकाने गेलेल्याला उत्तर येतं. मी असे बरेच अर्ज पाहिलेत.

पैंगीणचा धाकटा | सोमवार, दुपारी २:११

हे मला सहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आभार.

तिलारीखोरे | सोमवार, संध्याकाळी ५:५०

मी दोडामार्गचा, म्हणजे कागदोपत्री महाराष्ट्रातला. पण मोठ्या दुखण्याला आमची वाट बांबोळीचीच, हे गोव्यातल्या लोकांनाही ठाऊक आहे. आम्हाला गोव्यातल्या पॉलिक्लिनिकशी जोडून घेता येतं का? आमच्या ओळखीचे एक माजी सैनिक अजून कोल्हापूरला जातात, कारण पलटणीतून सुटताना कोणीतरी अर्जावर तेच लिहिलं.

नांगर | सोमवार, संध्याकाळी ६:२०

येतं. मूळ पॉलिक्लिनिक बदलायचा अर्ज ऑनलाइन करता येतो, राज्याची हद्द आड येत नाही. त्यांना सांगा, उगाच घाट चढू नका म्हणावं.

आणखी एक, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, कारण जीवाशी खेळ आहे. हृदयविकाराचा झटका, अपघात, पक्षाघात अशा वेळी रेफरल लागत नाही. १०८ ला फोन करा आणि जे जवळचं इस्पितळ असेल तिथे जा. पॅनेलवरचं असेल तर कार्ड दाखवा, त्यांनी ४८ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. पॅनेलवरचं नसेल तर तुम्ही ४८ तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं, बिल आधी भरावं लागतं, नंतर मंजूर दराने परत मिळतं. हे दर सीजीएचएसचे (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे) असतात, त्यामुळे भरलेली सगळी रक्कम परत येईलच असं नाही. ईसीएचएसची टोल-फ्री हेल्पलाइन १८००-११४-११५. फ्रिजवर चिकटवून ठेवा. माझ्या एका जुन्या सोबत्याच्या घरच्यांनी झटका आल्यावर आधी रेफरल आणायला माणूस पाठवला. तो माणूस कागद घेऊन परतला तेव्हा उशीर झाला होता. कोणी त्यांना नियम सांगितलाच नव्हता.

परिचारिका_उ.गो. | सोमवार, रात्री ९:००

मी उत्तर गोव्यातल्या एका आरोग्य केंद्रात नोकरीला आहे. वरची शेवटची ओळ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

अंजुणेकाठ ताईंनी जी फट सांगितली ती बुजवायचा नमुना गोव्यात आधीच चालू आहे: स्टेमी गोवा. छातीत दुखतंय म्हणून कोणी आमच्याकडे आलं की आम्ही ईसीजी काढतो, तो लगेच ऑनलाइन जातो, तज्ज्ञ वाचून सांगतात झटका आहे की नाही. असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आम्ही आमच्याच केंद्रात देतो आणि मग पेशंटला गोमेकॉला पाठवतो. पूर्वी हेच पेशंट आधी पोचायचे आणि मग उपचार सुरू व्हायचे. काही पोचायचे नाहीत. मशीन लहान आहे. बदलली ती पद्धत: पेशंट जिथे आहे तिथेच निर्णय.

आता विचार करा. वाळपईहून बांबोळीला ईसीजी पाच-दहा मिनिटांत पोचतो. मग मोतीबिंदूच्या रेफरलसाठी ७९ वर्षांच्या माणसाला स्वतः का जावं लागतं? आम्ही रक्तदाब, साखर मोजतो, डोळे बघतो, सगळी नोंद पाठवू शकतो. पॉलिक्लिनिकचे डॉक्टर पडद्यावर बघून रेफरल ऑनलाइन काढू शकतात. सही त्यांचीच राहू दे, शिक्का त्यांचाच.

अंजुणेकाठ | सोमवार, रात्री ९:३०

हेच! अगदी हेच मला म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

पडद्यावर तपासायचीही सोय आहे. संरक्षण मंत्रालयाची सेहत ओपीडी २७ मे २०२१ ला सुरू झाली. त्यावर लष्करी डॉक्टर व्हिडिओवर मोफत सल्ला देतात, माजी सैनिकांना आणि कुटुंबालाही. मी बाबांसाठी दोनदा वापरली. घरात रेंज येत नाही म्हणून धरणाच्या बाजूच्या वळणावर गाडीत बसून बोललो. डॉक्टर फार आपुलकीने बोलले, "कौनसी पलटन, साब?" विचारलं. बाबांचा चेहरा उजळला. पर्ची मोबाइलवर आली. पण औषध आणायला परत तेच शंभर किलोमीटर.

म्हणून वाटतं, सल्ला घरी आला तसं औषधही गावात यायला हवं. केरीला पोस्टमन रोज येतो. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या काही महिन्यागणिक बदलत नाहीत. तीन महिन्यांचं पुडकं पोस्टाने किंवा आरोग्य केंद्रात आलं तर बाबांच्या वर्षातल्या बारा खेपांच्या चार होतील.

साखळीचा मास्तर | सोमवार, रात्री १०:१०

परिचारिका ताईंचं म्हणणं पटलं. यात वेगळी भिंत उभी राहत नाही, उलट आरोग्य केंद्राचाच उपयोग वाढतो. माझा आक्षेप मी मागे घेतो. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक ठरलेला दिवस असावा, म्हणजे पॉलिक्लिनिकचा डॉक्टर आणि क्लार्क तिथे येऊन बसतील. वाळपई, पेडणे, काणकोण, केपे. निवडणुकीत मतदान यंत्र सुर्लापर्यंत नेता येतं, तर एक शिक्का वाळपईपर्यंत नेता येईल.

शाळेचं सभागृह लागलं तर मी बोलून ठेवतो.

पेडणेकर७० | मंगळवार, सकाळी ६:४५

मला एक विचारायचं आहे. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आता आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं म्हणतात. शिबिरात काढून देतो म्हणाले. काढू का?

गोळीपुडी | मंगळवार, सकाळी ७:३०

काका, थांबा! सही करायच्या आधी नीट वाचा. ७० वर्षांवरच्यांसाठीची ती सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली हे खरं, पण त्यात स्पष्ट आहे की सीजीएचएस, ईसीएचएस असलेल्यांनी दोन्हींपैकी एकच निवडायचं. आयुष्मान हे इस्पितळात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या, ओपीडी, श्रवणयंत्र हे तुम्हाला ईसीएचएसमधून मिळतं. शिबिरात कोणी हे समजावत बसत नाही. घरी मुलांशी बोलून ठरवा.

पेडणेकर७० | मंगळवार, सकाळी ७:५२

बरं झालं विचारलं. शनिवारी शिबिर होतं. गावातल्या आणखी तिघांना सांगतो.

रानवारा | मंगळवार, सकाळी ११:१५

माझा भाऊ अग्निवीर आहे. चार वर्षं झाली की बहुतेक जण बाहेर. त्यांना पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. इथे सगळे सुधारणा मागताय, त्यात आमच्या पोरांचंही एक वाक्य घाला. गुडघा सेवेत असताना गेला तर पुढे चाळीस वर्षं तो कोणी बघायचा?

नांगर | मंगळवार, दुपारी १२:००

घालू. वेगळ्या परिच्छेदात घालू, म्हणजे कोणाच्या नजरेतून सुटणार नाही.

मी मसुदा करायला घेतो. सरकारी पत्र लिहायची सवय आहे. पणजीला राज्य सैनिक बोर्डाला द्यायचं, प्रत ईसीएचएसच्या प्रादेशिक केंद्राला आणि राज्याच्या आरोग्य खात्याला. मागण्या मोजक्या ठेवू. दहा गोष्टी मागितल्या की सोपी बघून एक देतात आणि फाइल बंद करतात. माझ्या मते तीनच: तालुक्याच्या आरोग्य केंद्रात महिन्याला एक दिवस, जुनाट आजारांची औषधं तीन महिन्यांची, आणि ऑपरेशन वैद्यकीय कारणाने पुढे गेलं तर त्याच रेफरलची मुदत आपोआप वाढावी. चौथा परिच्छेद अग्निवीरांचा.

पैंगीणचा धाकटा | मंगळवार, दुपारी १२:२५

नांगर काका, वीरनारी आणि विधवांच्या नावांचं कुठे बसेल? महिन्याच्या त्या दिवशी कागद दुरुस्त करणारा माणूसही आला पाहिजे. नुसता डॉक्टर येऊन माझ्या आईला उपयोग नाही.

नांगर | मंगळवार, दुपारी १२:४०

पहिल्या मागणीतच घालतो. डॉक्टर आणि सैनिक बोर्डाचा क्लार्क, दोघेही. तुम्ही बरोबर बोललात.

परिचारिका_उ.गो. | मंगळवार, दुपारी ३:१०

आमच्या मॅडमशी बोलले, म्हणजे आमच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी. त्या म्हणाल्या, वरून लेखी आलं तर खोली आणि आठवड्यातली एक दुपार द्यायला त्यांची हरकत नाही. तेवढं "वरून लेखी" तुमच्या पत्रातून यायला हवं. पत्रात केंद्रांची नावं आणि कुठल्या केंद्राच्या हद्दीत किती माजी सैनिक व विधवा आहेत तो आकडा असेल तर काम लवकर होईल. आकडा बोर्डाकडे असतो, मागून घ्या.

अंजुणेकाठ | मंगळवार, रात्री ८:४५

काल-आज मिळून आमच्या बाजूची घरं फिरले. केरी, मोर्ले, पर्ये. सतरा नावं झाली, त्यातल्या सहा विधवा. दोघींना ईसीएचएस म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, दरमहा हजार रुपये येतात तेवढं ठाऊक. एक आजोबा अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या उशाशी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमधला ट्रेनिंगचा फोटो आहे. सही करताना हात थरथरत होता म्हणून मी म्हटलं, अंगठा चालेल. ते म्हणाले, "फौजेने सही करायला शिकवलंय." पाच मिनिटं लागली, पण सहीच केली.

येत्या रविवारी दहा वाजता वाळपईला भेटू या, मास्तरांनी सभागृहाचं बघितलंय. येताना पीपीओ, कार्ड, आधार यांची एकेक प्रत आणा. बाहेरून घेतलेल्या औषधांच्या मागच्या सहा महिन्यांच्या पावत्या असतील तर त्याही, एनए औषधांची यादी पत्राला जोडायची आहे. ज्यांना येता येणार नाही त्यांनी इथे गाव कळवा, कोणीतरी घरी जाईल.

बाबांचं डाव्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. साखर आज १३८.

पैंगीणचा धाकटा | मंगळवार, रात्री ९:०५

मी रविवारी आईला घेऊन येतो. प्रतिज्ञापत्र उद्या होतंय. काणकोणच्या बाजूची नावं मी गोळा करतो, आतापर्यंत नऊ.

तिलारीखोरे | मंगळवार, रात्री ९:२०

दोडामार्गचे चौघे येतोय. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. साखळीमार्गे येऊ, वाटेत कोणाला घ्यायचं असेल तर सांगा.

अंजुणेकाठ | मंगळवार, रात्री ९:२४

पर्येच्या दोघी आहेत, देवळापाशी उभ्या राहतील. एकीला गुडघ्यामुळे उंच गाडीत चढता येत नाही, लहान गाडी असेल तर बरं.

तिलारीखोरे | मंगळवार, रात्री ९:२६

लहानच आहे. साडेनवाला देवळापाशी येतो.